वॅटला साडेतीन हजारानं भागायचं

३ फेब्रुवारी

चि. पाव टन,

तुझं पत्र काल आलं. पोस्टमन दार वाजवून दमला आणि शेवटी खिडकीतून आत टाकून गेला, असं तुझी आत्या म्हणते. मला कसं कळणार? चाळीस वर्षं थंड खोल्यांच्या कॉम्प्रेसरच्या शेजारी काढली, आता कानांनी कायमची रजा घेतलीय. घरात फोन घ्या असं कोणी म्हटलं की मी विचारतो, घेऊन कानाला लावू की गालाला? आपलं हेच बरं. पत्राला ओरडावं लागत नाही.

मागच्या गणिताचं उत्तर बरोबर. लाल पेन्सिलीनं खूण करून कागद डब्यात ठेवला. तू हॉस्टेलवर गेलीस तेव्हापासूनची सगळी गणितं त्या डब्यात आहेत. आत्या म्हणते, डबा रिकामा कर, मला पीठ ठेवायला हवाय. मी ऐकलं नाही. बहिरेपणाचा हा एक फायदा.

तिथल्या साहेबाला तू टन म्हणजे काय ते विचारलंस आणि तो 'वजन' म्हणाला, हे वाचून खूप हसलो. त्याला सांग, एक टन बर्फ दिवसभरात वितळताना जेवढी उष्णता पितो, तेवढी ओढून बाहेर टाकणारं मशीन एक टनाचं. उष्णता वॅटमध्ये मोजली असेल तर साडेतीन हजारानं भागायचं, की टन मिळाले. संपलं. एवढ्या भांडवलावर मी तुला मोठं केलं.

नवं गणित. शिंप्याची खोली. चार माणसं बसून काम करतात. (माणूस म्हणजे शंभर वॅटचा दिवा, विसरू नकोस. बटण नसलेला.) साठ वॅटचे दोन दिवे, पंचाहत्तरचा एक पंखा. भिंती सोडून दे. किती टन?

तुझा,
एक टन


१४ फेब्रुवारी

ती. बाबा,

चारशे, एकशेवीस आणि पंचाहत्तर. एकूण पाचशे पंच्याण्णव वॅट. साडेतीन हजारानं भागून शून्य पूर्णांक सतरा शतांश टन. पाव टनसुद्धा भरत नाही, म्हणजे शिंप्याची अख्खी खोली माझ्याहून हलकी.

इथे हंगाम जोरात आहे. मासळीच्या अकरा थंड खोल्या आणि मेकॅनिक मी एकटी. दिवसातून चार फेऱ्या मारते. आतून बाहेर आलं की पापण्यांवरचं हिम वितळून डोळ्यांत जातं आणि मासळी निवडणाऱ्या बायका विचारतात, कोण रागावलं गं? त्यांनी माझं नाव थंडीबाई ठेवलंय. बेटावर बोट आठवड्यातून एकदा येते, गुरुवारी. तुमचं पत्र गुरुवारी आलं नाही तर माझा आठवडा फुकट जातो. करार जूनअखेरपर्यंत आहे, तोवर इथून हलता येणार नाही.

आई गेल्यापासून तुमचं जेवण वेळेवर होतं की नाही ते आत्याकडूनच कळतं. खरं काय ते तुम्ही लिहा.

तुमची,
पाव टन


२५ फेब्रुवारी

चि. पाव टन,

उत्तर चूक. पुन्हा कर.

बारा हजारानं भागायचं. साडेतीन हजार कुठून काढलेस? मासळीच्या वासानं डोकं गार पडलं वाटतं. फुली मारताना माझ्याच हाताला कसंतरी झालं. इतक्या वर्षांत तुझी अशी चूक कधी झाली नव्हती. घाई करत जाऊ नकोस. आपल्या कामात मशीन छोटं पडलं तर पहिल्या दिवशी कळत नाही, भर उन्हाळ्यात कळतं, आणि तेव्हा आपण तिथे नसतो.

जेवण वेळेवर होतं. आत्याला विचार.

तुझा,
एक टन


७ मार्च

प्रिय आत्या,

हे पत्र बाबांना दाखवू नकोस.

त्यांनी माझ्या बरोबर उत्तरावर फुली मारलीय. आकडे तुला आवडत नाहीत, तरी एवढं वाच. उष्णता मोजायची दोन मापं आहेत. एक जुनं, त्याला बारा हजारानं भागतात. दुसरं वॅटचं, त्याला साडेतीन हजारानं. बाबांनी वॅटला जुन्या मापाचा आकडा लावलाय. एखाद्यानं मीटरला इंच समजावं तसं. आणि महिन्याभरापूर्वी त्यांनीच मला स्वतःच्या अक्षरात साडेतीन हजार लिहून पाठवलं होतं. मी दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवून बघते.

हा आकडा त्यांनी मला शाळेतल्या पाढ्यांआधी शिकवलाय गं. बाबा बरे आहेत ना?

तुझी,
पोरगी


१८ मार्च

प्रिय पोरी,

मला तुमचे टन कळत नाहीत. मला माझा भाऊ कळतो, म्हणून लिहिते.

तुझं काम तिकडे, तुला उगाच घोर नको म्हणून कळवलं नव्हतं. दिवाळं निघालेल्या माणसासारखा तो हल्ली खिसे चाचपत असतो, काय शोधतोय विचारलं तर सांगता येत नाही. चष्मा तांदळाच्या डब्यात सापडला. परवा न्हाव्याकडे दाढी करून आला आणि दुपारी परत गेला. न्हावी भला माणूस, त्यानं नुसता साबण लावून, पुसून परत पाठवला. डॉक्टर म्हणाले, वय आहे. दोन गोळ्या दिल्यात. त्या घेतल्या की नाही हे लक्षात ठेवायचं काम आता माझं.

तुझं उत्तर आलं त्या दिवशी तो सकाळपासून टेबलाशी बसला होता. पाच कागद भरले. मी पाटीवर लिहिलं, दादा, पोरीचं बरोबर असेल. तर पेन्सिल हातात धरून रडायला लागला. वहिनी गेली तेव्हाही मी त्याला असं रडताना पाहिलं नव्हतं. म्हणाला, "तिचं बरोबर असेल तर मग माझ्याजवळ उरलं काय?"

तर तू आता एक कर. तो म्हणतो ते हो म्हण. शिंप्याची खोली कुठे खरी आहे? तुझं काय जातं? तुमचा खेळ आहे तो, त्याला जिंकू दे.

आत्या


२९ मार्च

ती. बाबा,

तुमचंच बरोबर. बारा हजारानं भागून शून्य पूर्णांक पाच शतांश. घाईत चुकले. मासळीचा वास खरंच डोक्यात गेलाय.

रागावू नका. पुढचं गणित लवकर पाठवा.

तुमची,
पाव टन


८ एप्रिल

चि. पाव टन,

शाबास! चूक कबूल करणाऱ्याचं मशीन कधी बंद पडत नाही, असं माझे उस्ताद म्हणायचे. (त्यांची दोन पडली होती. पण ते जाऊ दे.) आज मी दोनदा चहा प्यायलो. आत्या म्हणते तीनदा.

आता जरा मोठं गणित. दुधाची खोली. भिंतींतून आणि छतातून आत येणारी उष्णता अडीच हजार वॅट. दर वेळेला तीनशे लिटर ताजं दूध येणार, ते वेळेत गार करायचं, त्याचे साडेचार हजार. दोन माणसं, एक साठचा दिवा. किती टन?

या वेळी माझं उत्तर मी आधीच लिहून पाकीट बंद करून ठेवलंय. तुझं आलं की उघडणार. जुळतं का बघू. नीट कर, आणि या गुरुवारच्याच बोटीनं पाठव. वाट बघतोय.

तुझा,
एक टन


१८ एप्रिल

ती. बाबा,

सात हजार दोनशे साठ वॅट. बारा हजारानं भागून शून्य पूर्णांक सहा. थोडं हाताशी राखून पाऊण टनाचं मशीन चालेल.

पाकिटात काय निघालं ते कळवा. मी हरले असेन तर तुम्ही मला चहा द्यायचा, जिंकले असेन तरी तुम्हीच द्यायचा.

कागद खालून फाटलाय, त्याकडे लक्ष देऊ नका. शाई सांडली होती.

तुमची,
पाव टन


२९ एप्रिल

चि. पाऊण टन,

होय, आजपासून पाऊण. बढती झालीय तुझी. पाकीट आत्यासमोर फोडलं. माझं शून्य पूर्णांक सहा, तुझं शून्य पूर्णांक सहा!

आता तुला खरं सांगतो. ही खोली खरी आहे. आपल्या मागच्या गल्लीतल्या दूधवाल्या काकू आठवतात ना, तू लहानपणी त्यांच्या म्हशीला घाबरायचीस त्या. आसपासच्या बावीस बायका त्यांच्याकडे दूध आणून घालतात. दूध गार करायला खोली हवी म्हणून त्या माझ्याकडे आल्या. बाहेरचा मेकॅनिक नको, काका तुम्हीच करा म्हणाल्या. सात वर्षांत मला कोणी काम सांगितलं नव्हतं गं. मी हो म्हणून बसलो.

आणि मग रात्रभर घाबरलो. हल्ली माझे आकडे जागेवर राहत नाहीत. ठेवलेले एकीकडे, सापडतात भलतीकडे. आत्याला वाटतं मला ते कळत नाही. मला कळतं. म्हणून तुला विचारलं. मनाशी ठरवलं होतं, तुझं उत्तर वेगळं आलं तर तुझं धरायचं आणि काकूंना सांगायचं की हे माझ्याच्यानं होणार नाही. पण दोघांचं जुळलं! म्हणजे अजून मी पुरता गेलेलो नाही.

आपल्या शेडमधलं पाऊण टनाचं मशीन झाडूनपुसून बसवलं. वेल्डरनं पाइप जोडले, गॅस मी भरला. काल रिकामी खोली चालवून पाहिली. दोन तासांत हात गारठला. काकू आत उभ्या राहून लहान मुलीसारख्या हसत होत्या. पाच मेपासून दूध ठेवणार.

तुझा,
एक टन


८ मे

आत्या,

बाबांचं पत्र आज हातात पडलं. आज आठ तारीख. दूध पाचलाच ठेवलं असेल.

त्या खोलीला दोन टनांहून जास्त लागतं. पाऊण टनात नुसत्या भिंतींची उष्णता कशीबशी निघते. म्हणून रिकामी खोली गार झाली. दुधासाठी त्यात काहीच उरत नाही.

मला माहीत होतं. मी बरोबर उत्तर काढलं होतं, त्याच कागदाच्या खाली. मग तो भाग फाडला आणि त्यांना हवं ते लिहून पाठवलं. शाई सांडली नव्हती.

ऑफिसच्या फोनवरून तुमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात तीनदा लावला. तिसऱ्यांदा लागला. मी ओरडून सांगत होते, दूधवाल्या काकूंना निरोप द्या, मशीन दोन टनांचं हवं, दूध ठेवू नका. तो म्हणाला, "दोन टन दूध? ताई, एवढं नाही मिळत आपल्याकडे." मग लाइन गेली, ती गेलीच.

साहेबांना म्हटलं मला आजच्या बोटीनं जाऊ द्या. ते वाईट माणूस नाहीत. म्हणाले, जा, पण आधी या अकरा खोल्यांना कोण बघेल त्याचं नाव सांग. नाव नव्हतं. बोट सुटताना मी धक्क्यावर उभी होते. हे पत्र तेवढं तिच्यातून गेलं.

काय झालं ते लिही. काहीही झालं असलं तरी लिही.

पोरगी


१७ मे

प्रिय पोरी,

किराणावाल्यानं निरोप दिला. सहा दिवसांनी. काकूंनी दोन टन दूध मागितलंय का, असं विचारायला आला होता.

पाच तारखेला सकाळचं दूध खोलीत ठेवलं. दुपारी काकूंनी झाकण उघडलं आणि वासानंच त्यांना कळलं. तीनशे लिटर. बावीस बायका दारात उभ्या, हातात संध्याकाळच्या दुधासाठी धुतलेल्या किटल्या. काकूंनी एकेक कॅन गटारात उलटा केला. गल्लीच्या टोकापर्यंत गटार पांढरं झालं होतं.

दादा आत उभा होता. एक हात पाइपावर, एक भिंतीवर. म्हणत होता, "मशीन चालतंय. पाइप गार आहे. मग दूध का नाही?" काकू आत गेल्या आणि त्याच्या कानाशी जाऊन मोठ्यानं म्हणाल्या, "काका, हिशेब तुमचाच होता ना?" तर हा म्हणाला, "दोघांचा होता."

काकूंनी शहरातला माणूस बोलावून मोठं मशीन बसवलं. आपलं पाऊण टनाचं त्यांनी हातगाडीवर घालून परत पाठवलं. ते अंगणात आहे. दादा सकाळी त्याच्यावर फडकं मारतो आणि शेजारी बसतो. लाल पेन्सिल त्यानं गणितांच्या डब्यात टाकली आणि डबा माझ्यापुढे आणून ठेवला. "घे, पीठ भर," म्हणाला. मी भरलेलं नाही.

आणखी एक गोष्ट बोलला, ती लिहू की नको असं दहा वेळा झालं. म्हणाला, "पोरीला कळवू नकोस. तिला वाटेल तिचं गणित चुकलं."

तुला हो म्हण असं मी सांगितलं होतं.

आत्या


२८ मे

ती. बाबा,

आत्यानं मला सगळं कळवलंय. तिच्यावर रागावू नका.

तुम्हाला वाटतं माझं गणित चुकलं. चुकलं नव्हतं. साडेतीन हजारानं भागायचं असतं हे मला माहीत होतं, तुम्हीच शिकवलंय. उत्तर दोन टनांहून थोडं जास्त येत होतं. ते मी फाडून टाकलं आणि तुम्हाला बरं वाटावं म्हणून तुमच्या मनातलं उत्तर लिहिलं. तुम्ही मला खरंच विचारत होता आणि मी तुम्हाला खेळवत होते. तुम्हाला स्वतःची भीती वाटत होती हे मला कळायला हवं होतं. मला फक्त तुम्ही विसरता एवढंच कळलं.

शिंप्याच्या खोलीचंही माझं पहिलं उत्तर बरोबर होतं. ती फुली तेव्हाच परत करायला हवी होती.

चूक माझी आहे.

मला पाऊण टन म्हणू नका.

तुमची,
पाव टन


८ जून

प्रिय पोरी,

तुझं पत्र दादाला द्यावं की नाही यात दोन दिवस गेले. शेवटी दिलं. तुमच्या दोघांच्या मध्ये उभं राहून मी एकदा शहाणपण केलंय, पुन्हा नको.

त्यानं ते अंगणात मशीनशेजारी बसून वाचलं. मग परत पहिल्यापासून. जेवायला हाक मारायला गेले, खांद्याला हात लावला, तर म्हणाला, "डबा कुठाय?" मी डबा दिला. त्यातून लाल पेन्सिल काढली, ब्लेडनं टोक केलं. मला करू देईना.

त्यानं लिहिलेला कागद सोबत ठेवलाय. तुझंच पत्र आहे. 'चूक माझी आहे' यावर मोठी फुली मारलीय आणि खाली लिहिलंय, "उत्तर चूक. पुन्हा कर."

मी त्याला पाटीवर लिहून विचारलं, दादा, तिनं काय लिहिलंय ते कळलं का? म्हणाला, "गणित आहे." आता यातून काय घ्यायचं ते तू घे. मला विचारू नकोस. मी रोज त्याच्या तोंडाकडे बघते आणि मलाही सांगता येत नाही.

मागच्या बाजूला नवं गणित आहे. अक्षर वर चढत गेलंय, लागत नसेल म्हणून मी इथे उतरवते. "खोली आपलीच. माणूस एक, बसलेला. पंखा बंद. दिवा बंद. किती टन?"

आत्या


१८ जून

ती. बाबा,

फुली मारलेलं गणित पुन्हा केलं. तीनदा केलं. उत्तर तेच येतंय, बाबा.

दुसरं सोपं आहे. माणूस एक, शंभर वॅट. साडेतीन हजारानं भागून शून्य पूर्णांक तीन शतांशसुद्धा भरत नाही. एवढ्याला कोणी मशीन लावत नाही. खिडकी उघडली की पुरतं. आत्याला सांगून रस्त्याकडची उघडा, अंगणाकडची नको.

तीस तारखेला करार संपतो. त्यानंतरच्या पहिल्या गुरुवारच्या बोटीनं निघते. त्याआधी सोडा म्हणून पुन्हा विचारलं होतं. अकरा खोल्या अजून तशाच आहेत आणि नाव अजून मिळालेलं नाही. मी पोचेपर्यंत तुम्ही हे गणित विसरला असाल तर हरकत नाही, मी तेच पुन्हा घालीन. फक्त तेव्हा खोलीत दोन माणसं धरायची.

हा कागद खालून फाडलेला नाही. अर्धा कोरा सोडलाय. माझं उत्तर चुकलं असेल तर तिथे लिहा.

तुमची,
पाव टन